शाल-श्रीफळ दिले, पुढे काय?



मागच्या रविवारी पवित्र मिस्सा संपल्यावर आपण सगळे थोडा वेळ थांबलो होतो, ते आपल्या लक्षात असेल. आपल्या मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग सतरा वर्षे सांभाळणाऱ्या ताईंचा निरोप होता. त्या आता मुलाकडे पुण्याला राहायला जात आहेत. फादर त्यांच्याविषयी चार शब्द बोलले. ताईंना शाल आणि श्रीफळ दिले. मुलांनी गीत म्हटले. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या मनापासून वाजवल्या, ह्याबद्दल मला शंका नाही.

त्यानंतर फादरांनी एक साधा प्रश्न विचारला. पुढच्या रविवारपासून मुलांचा वर्ग कोण घेईल?

पुढे सतरंजीवर बसलेली मुले मागे वळून आपल्याकडे पाहू लागली. एकही हात वर झाला नाही. कोणी खिशातला मोबाइल काढला, कोणी चपला शोधू लागले. मीही त्यांतलाच एक. माझी नजर त्या वेळी जमिनीवर होती. फादर काही बोलले नाहीत. त्यांनी आशीर्वाद दिला आणि आपण घरी आलो.

त्या दिवशी जेवताना माझ्या मनात एक प्रश्न आला आणि तो अजून गेलेला नाही. आपण ताईंचे आभार मानले म्हणजे नेमके काय केले? दहा मिनिटांपूर्वी ज्या कामाला आपण मोठे म्हटले, तेच काम हाती घ्यायची वेळ आल्यावर आपण सगळे गप्प झालो. मग त्या टाळ्यांचा अर्थ काय? कृतज्ञता ही मनातली भावना आहे, तोंडाने म्हणायचा शब्द आहे, की हाताने करायचे काम आहे? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे ह्याचा विचार आपल्यापुढे मांडतो आहे. मी काही धर्मपंडित नाही. थर्मलमधून निवृत्त झालेला एक साधा माणूस आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्याकडे आभार कसे मानतात?

आपल्या मराठी घरांत आभार हा शब्द फारसा वापरला जात नाही. आईने भाकरी वाढली तर आपण तिला आभारी आहे असे म्हणत नाही. शेजारणीने आजारपणात डबा पाठवला आणि आपण आभार मानू लागलो, तर ती उलट रागावते. ‘आभार कसले मानता, आम्ही काय परके आहोत?’ असे म्हणते. आभार हा शब्द आपण राखून ठेवला आहे तो समारंभासाठी. कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन असते आणि तोपर्यंत निम्मी मंडळी उठून गेलेली असतात.

ह्यात सगळेच वाईट आहे असे नाही. शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत पाठवत नाही. त्यात चार लाडू तरी घालतो, निदान साखर घालतो. आईला आभार म्हटले नाही, तरी ती थकल्यावर तिचे अंथरूण आपण घालतो. म्हणजे आपल्या रीतीत शब्द कमी असले, तरी परतफेड होती. माझी भीती अशी आहे की चर्चच्या बाबतीत आपण दोन्ही सोडून दिले आहे. घरच्यांचे आभार मानायचे नसतात म्हणून वर्षभर ताईंना कधी चांगला शब्द सांगितला नाही. आणि चर्चचे काम हे फादरांचे आणि सिस्टरांचे म्हणून डबा रिकामाच परत पाठवला.

आपल्या परळीत सेवा म्हणजे काय हे शिकायला दूर जावे लागत नाही. शेगावची पालखी आषाढीला पंढरपूरकडे जाताना आपल्या गावावरून जाते. गावातले लोक वारकऱ्यांना चहा देतात, जेवण वाढतात, पाय चेपतात. आणि वाढणाराच हात जोडून म्हणतो की आम्हांला सेवेची संधी मिळाली. घेणाऱ्याने आभार मानायच्या आधी देणाराच उपकार मानतो. महाशिवरात्रीला वैद्यनाथाच्या यात्रेतही हेच दिसते. त्यांची श्रद्धा वेगळी, आपली वेगळी. पण सेवा करणाऱ्याच्या मनाचा हा नम्रपणा आपण आदराने पाहावा असा आहे. ताईही मागच्या रविवारी हेच म्हणाल्या. मुलांनीच मला शिकवले, मीच त्यांची ऋणी आहे, असे त्या म्हणाल्या.

ते ऐकून आपल्याला बरे वाटले. मला वाटते, जरा जास्तच बरे वाटले. त्या स्वतःला ऋणी म्हणतात, म्हणजे आपल्यावर काही ऋण उरले नाही, असा सोयीचा अर्थ आपण काढला.

देवासाठी केलेल्या कामाचे आभार कशाला?

येथे कोणी म्हणेल, आणि आपल्यातल्या एकदोघांनी मला तसे म्हटलेही, की हे देवाचे काम आहे. देव त्याचे फळ देईल. माणसांनी आभार मानले तर उलट सेवेचे मोल कमी होते. प्रभू येशूनेच सांगितले आहे की दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये.

हा मुद्दा सहज सोडून देण्यासारखा नाही. मान मिळावा म्हणून सेवा करणारी माणसे आपण पाहिली आहेत. फलकावर नाव दुसऱ्या ओळीत आले म्हणून रुसणारे पाहिले आहेत. तेव्हा सेवेकऱ्याने आभाराची अपेक्षा ठेवू नये, हे खरेच आहे. पण ते कोणी कोणाला सांगायचे?

संत लूककृत शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय घरी काढून शांतपणे वाचा, अशी माझी विनंती आहे. त्यात दोन प्रसंग अगदी लागून आले आहेत. पहिल्यात प्रभू चाकराचा दाखला देतो. शेतातून राबून आलेल्या चाकराने धन्याची सेवा करावी आणि सर्व झाल्यावर आपण केवळ आपले कर्तव्य केले असे म्हणावे, ही त्याची शिकवण आहे. दहावे वचन येथे संपते. अकराव्या वचनापासून दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सुरू होते. दहा बरे झाले, एकच परत आला आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले.

ही दोन वचने एकमेकांच्या विरुद्ध आहेत का? पहिले म्हणते, आभाराची वाट पाहू नकोस. दुसरे म्हणते, आभार मानायला परत ये. बारकाईने पाहिले तर विरोध नाही, कारण दोन्ही वचने वेगवेगळ्या माणसांना सांगितली आहेत. पहिले देणाऱ्यासाठी आहे आणि दुसरे घेणाऱ्यासाठी. ताईंनी ‘मी फक्त माझे कर्तव्य केले’ असे म्हणणे शोभते. पण तेच वाक्य ताईंविषयी आपण म्हटले, तर ती नम्रता राहत नाही, तो कृतघ्नपणा होतो. आपली चूक ही की आपण देणाऱ्याचे वचन स्वतःच्या सोयीसाठी उचलले आणि आपल्यासाठीचे वचन वाचायचे ठेवून दिले.

त्या नऊ जणांविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते वाईट माणसे नव्हते. प्रभूने त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवा असे सांगितले होते आणि ते तेच करत होते. सांगितलेला नियम पाळून ते आपापल्या वाटेने गेले. आपणही नियम पाळतो. मुलाला दर रविवारी वर्गाला पाठवतो, पहिल्या ख्रिस्तप्रसादाला पांढरे कपडे शिवतो, वर्गणी देतो. नऊ जणांत जाऊन बसायला एवढे पुरते.

जाणणे, सांगणे, फेडणे

तेराव्या शतकातील आपल्या ख्रिस्तसभेचे थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस ह्यांनी कृतज्ञतेचा सविस्तर विचार केला आहे. त्यांनी तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, आपल्यावर उपकार झाला हे ओळखणे. दुसरी, तो बोलून दाखवणे आणि आभार मानणे. तिसरी, योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे. कृतघ्नतेच्या पायऱ्या ह्याच्या उलट आहेत. परतफेड न करणे ही एक, बोलून न दाखवणे ही त्याहून वाईट आणि उपकार झाला हेच ध्यानात न येणे किंवा विसरून जाणे ही सर्वांत वाईट.

आपल्या भाषेत हा विचार एका शब्दात आहे. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. संत पौलानेही थेस्सलनीकाकरांना पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी, तुमच्यामध्ये श्रम करणाऱ्यांचा मान ठेवा असे सांगितले आहे. तेथे मूळ ग्रीक शब्द आहे तो जाणण्याचा, ओळखण्याचा. पहिली पायरीच चुकली तर पुढची टाळी हवेत राहते.

माझी पहिली पायरी कशी चुकली ते सांगतो. माझी मुलगी पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करत होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी वर्ग सुटायला पाऊण तास उशीर झाला. घरी पाहुणे आले होते. मी चर्चच्या दारात उभा राहून वैतागलो होतो. ताई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना जरा चढ्या आवाजातच म्हणालो, ‘ताई, आम्हांलाही घरदार आहे. वेळेवर सोडत जा.’ त्या म्हणाल्या, ‘चुकलं भाऊ, पुढच्या वेळी लक्ष ठेवते.’ एवढेच. मी मुलीला घेऊन निघून आलो.

बारा वर्षांनी, मुलीचे लग्न ठरल्यावर, जुन्या गोष्टी निघाल्या तेव्हा ती सहज म्हणाली, ‘बाबा, त्या दिवशी उशीर माझ्यामुळेच झाला होता. मला पश्चात्तापाची प्रार्थना पाठ होत नव्हती. सगळी मुले म्हणून मोकळी झाली, मी रडायला लागले. ताईंनी सगळ्यांना बाहेर खेळायला लावले आणि मला येईपर्यंत माझ्याजवळ बसल्या.’ ताईंनी हे मला दारात सांगितले असते, तर मी खजील झालो असतो. पण मुलीला माझ्यासमोर कमीपणा येऊ नये म्हणून त्या स्वतःची चूक म्हणून मोकळ्या झाल्या. मी बारा वर्षे ह्या गोष्टीचा ऋणी होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या मुलांना एकदा विचारावे, अशी माझी सूचना आहे. वर्गात काय होते, ताई काय करतात, कोण कोणाजवळ बसते. विचारले की कळते. मी आता थोडे विचारून घेतले आहे. आपले गाव थर्मलचे आणि रेल्वे जंक्शनचे. बदलीने येणारी आणि बदलीने जाणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ. त्यामुळे वर्गात मधेच नवे मूल येते, त्याला मागचे काही ठाऊक नसते. दुसरी आपली कुटुंबे ऊसतोडणीला जाणारी. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात, कोपीत राहतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांची मुले नाताळला आपल्यात नसतात आणि पुष्कळदा पुनरुत्थानाच्या सणालाही नसतात. ती परत येतात तेव्हा शाळेचे विसरलेले असतात, तसे प्रार्थनांचेही. त्या मुलांना मागे बसवून पुढे जाणे सोपे होते. ताईंनी दर वर्षी मे महिन्यात, परळीच्या उन्हात, त्यांच्यासाठी क्रुसाच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात केली. सतरा वर्षे म्हणजे सतरा वेळा. ह्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

हे ऋण कोणाकोणाचे?

ताईंचे काम नवे नाही. मुलांना विनामोबदला श्रद्धा शिकवणाऱ्यांची ओळ फार जुनी आहे. १५३६ साली इटलीतील मिलान शहरात कास्तेलिनो द कास्तेल्लो नावाच्या धर्मगुरूंनी रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलांना ख्रिस्ती शिकवण देण्याची शाळा सुरू केली. शिकवणारे होते साधे प्रापंचिक स्त्रीपुरुष. १५४२ च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्याला आले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांना गोळा करत फिरू लागले. पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेल्यावर त्यांनी मुलांनाच शिकवणारे केले. घरी जाऊन आईवडिलांना सांगा, आजाऱ्यांजवळ जाऊन प्रार्थना म्हणा, असे काम मुलांवर सोपवले.

आपल्या मराठीचा अभिमान असलेले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील राचोल येथे छापले गेले. त्या मोठ्या ग्रंथाची सुरुवात कोठून होते? साष्टीतल्या एका चर्चमध्ये ख्रिस्ती शिकवणीचा वर्ग चालू आहे आणि ऐकणाऱ्यांतून एक जण प्रश्न विचारतो. मन रमेल असे आमच्या भाषेतले पुराण आम्हांला का असू नये, असा त्याचा भाव आहे. म्हणजे मराठीतला हा पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ धर्मशिक्षणाच्या वर्गातून उगवला आहे.

१९०५ साली पोप दहावे पायस ह्यांनी प्रत्येक धर्मग्रामात रविवारी मुलांना तासभर धर्मशिक्षण द्यावे आणि त्यासाठी प्रापंचिकांची मदत घ्यावी, असा आदेश काढला. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी आपल्या पत्रात ख्रिस्तसभेच्या वतीने धर्मग्रामांतील धर्मशिक्षकांचे आभार मानले आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक आहे ह्याचा मुद्दाम उल्लेख केला. आणि १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी धर्मशिक्षकाचे काम ही ख्रिस्तसभेची अधिकृत सेवा म्हणून स्थापन केली. पोप महोदय आभार मानायला परत फिरले. आपण ताईंच्या घरापासून दहा मिनिटांवर राहतो.

आपल्या मराठवाड्याकडेच पाहा. वैजापूर तालुक्यातील घोगरगावसारख्या ठिकाणी परदेशी मिशनरी फादर आले हे आपण नेहमी सांगतो. पण गावोगाव पायी फिरून, कंदिलाच्या उजेडात मुलांना ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ शिकवणारे मास्तर कोण होते? आपल्यातलेच होते. आपल्या आजोबांना ज्यांनी क्रुसाची खूण शिकवली, त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील? मला येत नाहीत.

त्यांचे ऋण आता कसे फेडणार? ते तर देवाघरी गेले. येथे मला वाटते की श्रद्धेच्या देण्याची परतफेड मागे करताच येत नाही. ती पुढेच करावी लागते. ज्याने दिले त्याला परत देता येत नाही, म्हणून त्याने ज्यांच्यासाठी दिले त्यांना द्यायचे. ताईंना शिकवणारे कोणीतरी होते. त्यांचे देणे ताईंनी आपल्या मुलांना दिले. आता ताईंचे देणे आपण कोणाला देणार? सतरंजीवरून मागे वळून पाहणारी मुले हेच विचारत होती.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

कृतज्ञतेच्या नावाखाली दोन चुका होऊ शकतात. त्या येथे सांगितल्या पाहिजेत.

पहिली चूक म्हणजे जो राबतो त्याच्यावरच आणखी ओझे टाकणे. ताई किती छान करतात, असे म्हणायचे आणि नाताळची नाटिकाही त्यांच्याकडे, मे महिन्यातील पवित्र माळेची प्रार्थनाही त्यांच्याकडे, वेदीसेवकांचे झगे धुणेही त्यांच्याकडे. अशा वेळी स्तुती हे काम टाळण्याचे साधन होते. ताई एकदा आजारी असताना वर्ग तीन रविवार बंद राहिला होता. तेव्हाच आपण जागे व्हायला हवे होते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. फुकट सेवा करतात म्हणून त्यांना काही विचारायचे नाही, असे होता कामा नये. मुलांच्या बाबतीत तर कधीच नाही. ख्रिस्तसभेने जगभर ह्या बाबतीत फार दुःख पाहिले आहे आणि मोठ्यांवरच्या आंधळ्या विश्वासाची किंमत लहानांनी मोजली आहे. आपल्या देशात २०१२ पासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा आहे. वर्गात दोन मोठी माणसे असावीत, दार उघडे असावे, मूल काही सांगू लागले तर ते ऐकून घ्यावे आणि दडपू नये. असे नियम करणे म्हणजे सेवा करणाऱ्यांवर अविश्वास दाखवणे नव्हे. उलट प्रामाणिक सेवकाला त्यांचाच आधार असतो. ताई स्वतः नेहमी दार उघडे ठेवूनच शिकवत आणि कोणीतरी सोबत बसा म्हणून आपल्याला सांगत. ‘मुलांना सांभाळायला दुसरा माणूस हवा,’ असे त्या म्हणत. आपण ते हसण्यावारी नेत होतो.

मग करायचे काय?

सर्वांनाच शिकवता येते असे नाही, हे मला मान्य आहे. संत थॉमस ह्यांनीही परतफेड ऐपतीप्रमाणे करावी असेच म्हटले आहे. म्हणून प्रत्येकाच्या ऐपतीतल्या काही गोष्टी सुचवतो.

ज्यांना वाचता-लिहिता येते आणि मुलांची आवड आहे, त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. चार जण मिळाले तर महिना निघतो. तरुण मुलामुलींनी गाणी आणि गोष्टी सांभाळाव्यात. ज्या मातांना शिकवणे जमत नाही, त्यांनी नुसते वर्गात बसावे. दुसरे मोठे माणूस म्हणून त्यांचे बसणे हीच मोठी सेवा आहे. ज्यांच्याकडे रिक्षा किंवा मोटारसायकल आहे, त्यांनी लांबच्या वस्तीतली दोन मुले सोबत आणावीत. ऊसतोडणीला जाणाऱ्या मुलांसाठी निघण्यापूर्वी प्रार्थनांची एक छोटी वही तयार करून द्यावी. कोपीत चिमणीच्या उजेडात आई ती वाचून दाखवील. आईला वाचता येत नसेल, तर मूलच आईला वाचून दाखवील. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी तरी दुसरे काय केले?

आणि आपण सर्व आईवडिलांनी एक गोष्ट करावी. मुलांना वेळेवर पाठवावे आणि घरी आल्यावर, आज काय शिकलास, एवढे विचारावे. श्रद्धेचे पहिले शिक्षक आईवडीलच आहेत, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ताई आपल्या जागी उभ्या नव्हत्या, आपल्या सोबत उभ्या होत्या. आपणच सोबत सोडली होती.

शेवटी शब्दाविषयी. मी परतफेडीवर भर दिला, म्हणून शब्द नकोत असे मात्र नाही. परत आलेल्या त्या शोमरोन्याने काही काम केले नाही. तो प्रभूच्या पायांशी पडला आणि मोठ्याने बोलला, आणि प्रभूला ते हवे होते. आपण दर रविवारी ज्या वेदीभोवती जमतो, त्या संस्काराचे युखारिस्त हे ग्रीक नावच उपकारस्तुती ह्या अर्थाचे आहे. वेदीपाशी देवाचे उपकार मानायचे आणि चर्चच्या दारात ताईंना न बोलता ओलांडून जायचे, हे जुळत नाही. समारंभातले आभार सगळ्यांचे मिळून असतात, म्हणून ते कोणाचेच नसतात. एकेकट्याने, एका विशिष्ट गोष्टीबद्दल मानलेले आभार खरे असतात.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी ताईंच्या घरी गेलो. सामान बांधणे चालू होते. दारातल्या त्या पाऊण तासाबद्दल मी त्यांची क्षमा मागितली आणि आभार मानले. त्यांना तो दिवस आठवतही नव्हता. माझ्या मुलीची प्रार्थना मात्र आठवत होती. कोणत्या शब्दावर ती अडखळत होती, तेही आठवत होते. मग त्यांनी कपाटातून वर्गाचे हजेरीपुस्तक काढले आणि कोणालातरी द्यायचे म्हणून माझ्याकडे दिले.

ते हजेरीपुस्तक सध्या माझ्या घरी आहे. मी फादरांना जाऊन भेटलो. मला शिकवता येत नाही, आवाजही चांगला नाही. पण सतरंजी घालणे, हजेरी घेणे आणि दाराजवळ बसणे मला जमेल. तेवढ्यासाठी माझे नाव त्यांनी लिहून घेतले आहे. शिकवणारे अजून कोणी मिळालेले नाही. नाव देण्याची वही चर्चमध्ये मागच्या बाकावर ठेवली आहे. तिच्यासोबत पेनही ठेवला आहे.

प्रभू येशूने बालकांना आपल्याजवळ येऊ द्या असे सांगितले. त्यांना त्याच्याजवळ आणून सोडणारे हात आपल्या धर्मग्रामात कधी कमी पडू नयेत, आणि ताईंना नव्या घरी चांगले आरोग्य आणि शांती लाभावी, अशी आपण सर्व मिळून प्रार्थना करू या.

आमेन.